‘म्म’खालचं गाव

भाऊ, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला सात जण बोलले आणि सातही जणांनी तुला श्रीलंकेतच नेऊन बसवलं. एक म्हणाले, यात्रेच्या बसमध्ये गुरुजी माइकवर जे सांगायचे ते आम्हाला कॉलेजातही कोणी शिकवलं नाही. दुसऱ्यांनी तुला चालताबोलता भूगोल म्हटलं. भन्ते म्हणाले, गुरुजींनी नागपूरच्या घराघरात ते बेट पोचवलं. मी पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसून ऐकत होते. मनात म्हणत होते, घराघरात बेट पोचवलं खरं, पण त्या बेटापायी घरातली पोरगी घालवली, हे का नाही कोणी बोलत?

गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षं नर्स होते. गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरचेच वॉर्डाच्या दारात काय बोलतात, ते मी ऐकलेलं आहे. म्हणून लिहायला बसले. एरवी माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तू हात वर करून थांबवायचास, वर्गात थांबवायचास तसा. आता थांबवून दाखव.

आधी तुझं देणं सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते. नकाशा वाचायला मला तू शिकवलंस. कोराडीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आई पोळ्यांची कणीक मळायची, त्यातला एक गोळा तू मागून घ्यायचास. ताटलीत तो दाबून वर निमुळता आणि खाली गोल करायचास. मग मधोमध, जरा खालच्या अंगाला, चिमटीने डोंगर उचलायचास आणि मला म्हणायचास, टाक चमचाभर पाणी. पाणी डोंगरावरून चारी बाजूंनी ओघळायचं. तू सांगायचास की या बेटाच्या सगळ्या नद्या अशाच मधून निघून चहूकडे जातात. नैर्ऋत्येकडे पाऊस धो धो, तिकडे माणूस सुखी. उत्तरेकडे पाऊस कमी आणि नदी मुळीच नाही, तिथले लोक विहिरीवर जगतात. “बेटाचं समदं राजकारण त्याच्या पावसात असते, कुंदा,” असं तू दहावीतल्या तोंडाने म्हणायचास. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तुझ्याकडे बघत राहावंसं वाटायचं. तेवढ्यात आई यायची आणि कणकेचा चिखल बघून दोघांनाही धपाटे घालायची. बाबा राखेच्या सेक्शनमधून राखेने पांढरे होऊन आलेले असायचे, ते नुसते हसायचे. दीक्षेच्या साली आपलं घर बौद्ध झालं आणि भिवापूरकडचं गाव बाबांनी सोडलं. सोडलं म्हणजे काय, गावाबाहेरच राहत होतो, तिथून आणखी बाहेर पडलो. बाबा म्हणायचे की आपल्याला गाव नाही. तू म्हणायचास की आपल्याला एक अख्खं बेट आहे.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी विधवा होऊन परत आले तेव्हा तू एकही प्रश्न विचारला नाहीस. रिक्षातून माझी ट्रंक उतरवलीस आणि इंदोऱ्याच्या घरातली पुढची खोली मला दिलीस. मग वहिनी गेली आणि चार वर्षांची अनुराधा माझ्या मांडीवर आली. तिच्या नावाबद्दल शेजारीपाजारी विचारायचे, अनुराधा नक्षत्रावर झाली का हो पोरगी? तू चिडायचास. नक्षत्र नाही, शहर आहे ते, बोधिवृक्षाची फांदी जिथे नेऊन लावली ते शहर. म्हणजे पोरीचं नावही तू त्या बेटावरूनच ठेवलंस. पण तिच्या वेण्या मी घातल्या, गोवर निघाला तेव्हा कडुलिंबाचा पाला मी फिरवला, दहावीच्या गणिताला मी रडले. तू फी भरलीस आणि नाव दिलंस. तिची आई मी होते, भाऊ. हे तुला माहीत होतं की नाही, ते आता कोणाला विचारू?

मला तू यात्रेलाही नेलंस. सोबत चाळीस माणसं, एक आचारी आणि त्याने आणलेलं भिवापुरी तिखट. अनुराधापूरला त्या झाडासमोर तू असा रडलास की मी माझं रडणं विसरले. माझे सांधे दुखत होते म्हणून माझ्या चपला तू हातात घेऊन फिरलास. मोठा भाऊ, रिटायर हेडमास्तर, आणि बहिणीच्या चपला हातात. ते मी विसरणार नाही.

पण त्याच यात्रेत, चहाच्या डोंगरात, रस्त्याकडेला बायका पाठीवर टोपल्या घेऊन उभ्या होत्या. कपाळाला कुंकू, पायात काही नाही. मी विचारलं, “ह्या कोन आहेत रे?” तर माइक तोंडाशी धरूनच तू म्हणालास, “त्या पाहुण्या. इंग्रजांनी मजुरीले आनल्या तमिळ मुलखातून.” बस पुढे निघाली.

मी म्हटलं, “किती वर्षं झाले?”

“दीडशे असतील.”

“दीडशे वर्षं राहून पाहुण्याच? भाऊ, आपल्याले गावात काय म्हनत होते?”

तू माइक बंद केलास. इतकंच केलंस. तेव्हा मी कुठे काही वाचलं होतं? घरी आल्यावर तुझंच कपाट उघडलं. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर त्या बेटाने पहिलं काम केलं ते या बायकांचं नागरिकत्व काढून घेण्याचं, हे तुझ्याच पुस्तकात होतं. मग एकाच भाषेचा कायदा. मग उत्तरेच्या शहरातली लायब्ररी जाळली. मग बंदुका आल्या, दोन्हीकडून, आणि कोणाच्याच बंदुका धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. शेवटी समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर माणसं कोंडली गेली आणि वरून तोफा चालल्या. तू त्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या होत्यास! म्हणजे वाचलं होतंस. आणि बसमध्ये मात्र दोन हजार वर्षं तासभर सांगून झाली की शेवटी म्हणायचास, “मधात थोडी गडबड झाली, आता शांतता आहे.” गडबड. घरात दूध उतू गेलं तरी आपण त्याला गडबडच म्हणतो.

कुमरन घरी आला त्या दुपारचं तर मला रोजच आठवतं. अनू चेन्नईला नोकरी करत होती, तिथेच त्यांची ओळख झाली. तो मूळचा जाफन्याकडचा तमिळ, लहानपणी घरच्यांसोबत होडीत बसून इकडे आलेला. अनूने मला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. तुला एवढंच सांगितलं होतं की श्रीलंकेचा मुलगा आहे. तू काय खूश होतास! नवा शर्ट घातलास, दाढी दोनदा केलीस. तुला वाटलं, सिंहली बौद्ध जावई येतोय. नाव ऐकून तुझा चेहरा पडला, पण तू सावरून घेतलंस आणि त्याला नकाशासमोर नेलंस.

तो नकाशा तू तीन महिने बसून काढला होतास. नद्या, तळी, स्तूप, झाडाचं शहर, बुद्धाच्या दाताचं शहर, सगळं बारीक अक्षरात. आणि वर मोठ्या भगव्या-पिवळ्या अक्षरात शीर्षक, धम्मद्वीप. पोरांना तू चाळीस वर्षं शिकवलंस की शीर्षक नेहमी रिकाम्या जागी लिहावं. मग तू रिकामी जागा शोधलीस आणि तुला उत्तर दिशा सापडली.

कुमरन बराच वेळ बघत राहिला. देवनागरी त्याला येत नव्हती. अनूला विचारलं, “ये कौन सा लेटर है?”

अनू म्हणाली, “म्म.”

तो हसला. तुझी खोडी काढायला नाही, खरंच मजा वाटून हसला. बोट ठेवून म्हणाला, “सर, मेरा गाँव इस ‘म्म’ के नीचे है.”

तोंड दाबून धरलं की माणूस असाच आवाज काढतो, हे तेव्हा माझ्या मनात आलं. चहा ठेवायला आत गेले.

तू म्हणालास की तिथे दाखवण्यासारखं काही नाही, नदी नाही, डोंगर नाही. तो म्हणाला, “कुएँ हैं, सर. हमारे गाँव का कुआँ…” आणि तू हात वर केलास. विहीर राहू दे, म्हणालास, अनुराधापूरचं बोल. बोधिवृक्षासमोर दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तुमच्या लोकांनी गोळ्या घातल्या, त्याचं बोल. ते खोटं नव्हतं. तेही झालं होतं. तू तिथे रडला होतास ते त्यांच्यासाठीही रडला होतास, हे मला माहीत आहे. कुमरन हळूच म्हणाला, “सर, मैं तब पैदा नहीं हुआ था.” तू म्हणालास, “मेले ते मेलेच ना पन?” आणि मग पोरीकडे वळून, “ज्या गावाचं नाव तुले ठेवलं, त्या गावात याच्या लोकाइनं रक्त सांडलं. याच्याशी करशील तर या घरात पाय ठेवू नको.”

तिने पाय ठेवला नाही. सहा वर्षं. चहा ओट्यावर तसाच राहिला, सायीचा पापुद्रा धरलेला. मी त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मी ओरडायला हवं होतं, तुझ्या त्या नव्या शर्टाचा कोपरा धरून ओढायला हवं होतं. मी भांडी घासली.

मग आपण दोघं त्या घरात राहिलो. मी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडायचे आणि मार्केटच्या भिंतीला टेकून अनूशी बोलायचे. लग्न मी फोनवर बघितलं. तू तिचं नाव काढायचा नाहीस आणि कुमरनला नावच नव्हतं, तो फक्त ‘तो’. मी पण कमी नव्हते. त्या बेटावर पेट्रोल संपलं, दूध संपलं, लोक राष्ट्राध्यक्षाच्या बंगल्यात घुसले आणि त्याच्या तरणतलावात पोहायला लागले, ते तू टीव्हीसमोर दगडासारखा बसून बघत होतास. मी मागून म्हटलं, “पाह्य तुहं धम्मद्वीप. पोहून राह्यलं.” तू मान वळवलीस. डोळे भरलेले होते. म्हणालास, “कोनाच्या घराले आग लागली तं हासते का वं कोनी?” तुझं बरोबर होतं. मी माफी मागितली नाही. आज मागते, एवढ्याचीच.

आता रामदासपेठेतल्या दवाखान्याचं. ते सात जणांपैकी कोणाला माहीत नाही आणि अनूलाही माहीत नाही. फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि तुलाही अर्धंच.

तुझी फुफ्फुसं भरत चालली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायची गरज नव्हती. नखांचा रंग बघून मला कळलं की तीन-चार दिवस. आयुष्यभर माझं कामच ते होतं. मी कितीतरी मुलांना फोन केलेत, या म्हणून, आत्ताच निघा म्हणून. कधी फोन करायचा हे डॉक्टर मला विचारायचे.

मास्क बाजूला करून तू विचारलंस, “अनूले कळवलं का वं?”

“काहून? कोन लागते ती तुही?”

“पोरगी लागते.”

“सहा वर्षांनं आठवलं?”

“एकदा पाह्यची आहे मले. एकटीले बोलाव पन. तो नको.”

त्या ‘तो नको’ने माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता ऐकच. “त्या दिवशी तो विहिरीचं काय सांगून राह्यला होता, मालूम आहे तुले?” आणि तुझ्या तोंडावर मास्क होता म्हणून पहिल्यांदा मी अख्खं बोलले. कुमरनची माणसं ताडावर चढणारी. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. वरच्या जातीचं कोणी येईल, वरून ओतेल, तेव्हा घागर पुढे करायची. देवळात जायचं नाही, हॉटेलात कप वेगळा. त्याच्या आजोबांनी एकदा स्वतः पाणी शेंदलं तर त्यांचा हात मोडला. त्या विहिरीचं तो सांगणार होता, तुझ्या नकाशासमोर. अनूने मला हे फार नंतर सांगितलं.

तू डोळे मिटून ऐकलंस. मग तुझा चेहरा असा उजळला, भाऊ, कणकेच्या बेटावरून पाणी वाहायचं तेव्हा उजळायचा तसा. “मंग तो आपलाच आहे ना वं! काहून नाही सांगतलं त्यानं तवा?”

“तू सांगू देल्लं कुठी?”

“बोलाव. दोघाइले बोलाव. आत्ताच्या आत्ता फोन लाव, कुंदा.”

तू किती आनंदात होतास! आणि मी संतापले. आपलाच! म्हणजे सहा वर्षं जी भिंत होती ती एका शब्दाने पडली. उद्या तो विहिरीवर वरून पाणी ओतणाऱ्यांच्या घरचा निघाला असता, तर भिंत तशीच राहिली असती आणि पोरगी तशीच परकी राहिली असती. होडीत बसून पळालेलं पोर तुला चाललं नाही, पण जात कळल्यावर चाललं. माझी अनू तुला अशी, जातीवर मोजून, परत हवी होती.

हे सगळं मी आता नीट मांडते आहे. खरं सांगू? तत्त्वबित्त्व नंतर सुचलं. फोन घेऊन लिफ्टपाशी उभी राहिले तेव्हा मनात एवढंच होतं, की आता थोडी वाट तू पण बघ. मी सहा वर्षं बघितली.

अनूचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. सकाळीच बोलणं झालं होतं. बाबा कसे आहेत विचारत होती, मी म्हटलं होतं, खोकतात जरा. बोट नावावर ठेवलं आणि उचललं. मग परत येऊन तुला सांगितलं, “लागला फोन. येत नाही म्हनते.”

“काय म्हनाली नेमकं?”

आणि मी बनवून सांगितलं. “म्हनाली, बाबाले म्हना लंकेतून कोनी येते का पाहा.”

तू हसलास. मास्कच्या आत धुकं झालं. “माह्यावर गेली,” म्हणालास. अभिमानाने म्हणालास! दुसऱ्या दिवशी पुन्हा, “लावून पाह्य ना वं एकदा.” मी बाहेर जाऊन उभी राहिले आणि आत आले. मग तू विचारलंस, “त्याचं नाव काय होतं?” मी सांगितलं. कुमरन. तू दोन-तीनदा पुटपुटून पाठ केलंस, पोरं राजधान्या पाठ करतात तसं, समोर आला तर चुकू नये म्हणून. दारात चप्पल वाजली की मान वळवायचास. औषधवाला, झाडूवाली, बाजूच्या पेशंटची सून. प्रत्येक वेळी वळवायचास. चेन्नईहून विमानाने दोन तास लागतात. तिसऱ्या दिवशी दुपारी तू मान वळवणं थांबवलंस आणि साडेचारला गेलास.

पाऊण तासाने मी अनूला फोन केला. “अचानक?” तिने विचारलं. मी म्हटलं, “हो वं, अचानक.”

दोघं आली. तुझ्या उशाशी मेणबत्ती तिने लावली. कुमरनने पुढे होऊन खांदा दिला आणि विहारातल्या लोकांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं, जावई. परवाच्या कार्यक्रमात तो सगळ्यांना वरण वाढत होता. एक वाक्य मराठी शिकून आला होता, अजून घ्या.

काल दुपारी तुझे कपडे बांधताना अनूने विचारलं. हातात तुझा स्वेटर होता. “आत्या, खरं सांग वं. बाबानं शेवटी आठवलं होतं का मले?”

भाऊ, तेव्हा सांगता आलं असतं. तुझं सगळं तिला देता आलं असतं, नाव पाठ केलेलं, मान वळवलेली, ते हसणंसुद्धा. फक्त त्याच्या पुढचा प्रश्न तिने विचारला असता.

मी म्हटलं, “शुद्धच नव्हती बाई त्याले.”

ती स्वेटरमध्ये तोंड घालून रडली. मग माझ्या गळ्यात पडली, लहानपणी पडायची तशी, पूर्ण भार टाकून. म्हणाली, “तू होतीस म्हनून गं आत्या, नाही तं एकटेच गेले असते. आता मले तूच आहे. चल माह्याकडं, इथं नको राहू.”

मी हो म्हटलं. परवा निघते आहे.